नवे पत्तेसंच आणि स्पर्धात्मक डेकबांधणी

ट्रेडिंग कार्ड खेळांचे प्रकाशक वर्षातून अनेकदा नवे संच बाजारात आणतात. स्पर्धेत उतरणारे खेळाडू त्यांतली कार्डे पारखतात आणि आपला डेक (खेळायला निवडलेल्या कार्डांचा गठ्ठा) दुरुस्त करतात, मोडतात किंवा पहिल्यापासून बांधतात. या घडामोडीत नव्या कार्डांकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण खरी उलथापालथ बरेचदा जुन्या कार्डांच्या मोलात होते. वर्षानुवर्षे डब्यात पडून राहिलेल्या कार्डाला नव्या संचात जोडीदार मिळतो आणि ते अचानक मोलाचे ठरते. या नोंदीतली बहुतेक उदाहरणे मॅजिक: द गॅदरिंग या खेळातली आहेत. या प्रकारातला तो पहिला खेळ, आणि त्याच्या संचांचा, स्पर्धांचा व कार्डांवर घातलेल्या बंद्यांचा तीन दशकांचा इतिहास तारीखवार सापडतो.

आपल्या घरातला पत्त्यांचा कॅट बावन्न पानांचा असतो. मेंढीकोट खेळा, रमी खेळा की बदाम सात, पाने तीच आणि सगळ्यांना सारखी. कसब लागते ते वाटून आलेली पाने खेळताना. ट्रेडिंग कार्ड खेळात निम्मे कसब पत्ते पिसण्याआधीच पणाला लागलेले असते, कारण प्रत्येक जण आपला डेक घरून बांधून आणतो. मॅजिकच्या नेहमीच्या स्पर्धांत डेक किमान ६० कार्डांचा असतो. साध्या लँड (म्हणजे माना, ही कार्डे खेळायला खर्चावी लागणारी ऊर्जा, देणारी कार्डे) सोडल्या तर एका नावाच्या चारपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. शिवाय पहिला गेम संपल्यावर अदलाबदल करण्यासाठी १५ कार्डांपर्यंतचा साइडबोर्ड जवळ ठेवता येतो.

गणिताचे पदवीधर रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईत २९५ वेगवेगळी कार्डे होती. त्याच डिसेंबरात अरेबियन नाइट्स हा पहिला पुरवणी संच आला. त्याच्या कार्डांची पाठ वेगळी छापायचे घाटत होते आणि ऐनवेळी तो विचार सोडून दिला गेला. हा निर्णय किरकोळ वाटतो, पण मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. पाठ वेगळी असती, तर नवा संच हा वेगळा खेळ ठरला असता. पाठ एकच राहिल्याने प्रत्येक नवे कार्ड आधीच्या प्रत्येक कार्डाशेजारी पिसले जाऊ लागले, आणि जोड्यांची संख्या कार्डांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढत गेली.

हा भार फार होऊ नये म्हणून १९९५ मध्ये फक्त अलीकडचे संच चालतील असा खेळप्रकार सुरू झाला. आज त्याला स्टँडर्ड म्हणतात. नवे संच आत येतात, ठरावीक मुदतीनंतर जुने बाहेर पडतात, आणि या बाहेर पडण्याला खेळाडू रोटेशन म्हणतात. संच टिकण्याची मुदत बराच काळ साधारण दोन वर्षे होती, ती २०२३ मध्ये तीन वर्षे करण्यात आली. पोकेमॉन या दुसऱ्या कार्ड खेळात कार्डाच्या कोपऱ्यातल्या अक्षरावरून ते स्पर्धेत चालते की नाही हे ठरते. यु-गी-ओच्या मुख्य प्रकारात रोटेशनच नाही, तिथे सगळा तोल निषिद्ध आणि मर्यादित कार्डांच्या यादीवर सांभाळला जातो.

नव्या संचाचा सर्वांत साधा परिणाम मोजून दाखवता येतो. ६० कार्डांच्या डेकमध्ये एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर सुरुवातीच्या सात पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के असते. आता नव्या संचात वेगळ्या नावाचे, पण तेच काम करणारे कार्ड आले, की प्रती आठ होतात आणि शक्यता ६५ टक्क्यांवर जाते. लानोवार एल्व्हज हे कार्ड १९९३ पासूनचे: एक हिरवा माना खर्चून येणारा आणि पुढच्या टर्नपासून एक हिरवा माना देणारा प्राणी. १९९५ मध्ये फिंडहॉर्न एल्व्हज आले, २०१३ मध्ये एल्व्हिश मिस्टिक आले. तिघांचे काम अक्षरशः एकच. जुने संच चालणाऱ्या प्रकारांत एल्फ डेक बांधणाऱ्याला बारा प्रती मिळाल्या. नवी कल्पना एकही नाही, तरी डेकचा भरवसा पार बदलला.

लँडचेही असेच. लँड ठरावीक रंगांचा माना देतात, म्हणून कोणती लँड उपलब्ध आहे यावर डेक किती रंगांचा बांधता येईल हे ठरते. २०१४ च्या खान्स ऑफ टार्किर संचातल्या फेच लँड डेकमधून ठरावीक जातीच्या लँड शोधून काढत. ऑक्टोबर २०१५ मध्ये बॅटल फॉर झेंडिकारमध्ये आलेल्या दुरंगी लँडवर नेमकी तीच जात छापलेली होती. दोन्ही एकत्र आल्यावर स्टँडर्डमध्ये चार रंगांचे डेक सहज चालू लागले. एप्रिल २०१६ मध्ये खान्स बाहेर पडला तशी चार रंगांची चैन संपली. संच बाहेर जाण्याचाही डेकबांधणीवर एवढा परिणाम होतो, हे नवी कार्डे पाहण्याच्या उत्साहात विसरायला होते.

कलादेश, सहेली आणि मांजर

दोन संचांमधल्या जोडीने काय घडते, हे मराठी वाचकाला सांगायला कलादेशसारखे उदाहरण नाही. ३० सप्टेंबर २०१६ रोजी आलेल्या या संचाची काल्पनिक दुनिया भारतावरून बेतलेली होती: धातूच्या तारेचे नक्षीकाम केलेली यंत्रे, भारतीय वळणाचे पेहराव, ओळखीची वाटणारी नावे. भारतीय भाषांत मॅजिक नियमित छापले गेलेले नाही. २००१ मधल्या अ‍ॅपोकॅलिप्स संचाच्या पूर्वप्रकाशनासाठी फंगल शँबलर हे एक कार्ड मात्र संस्कृतात, देवनागरी लिपीत छापले होते. त्यामुळे कलादेशमध्ये सहेली राय हे नाव वाचताना आपल्याकडच्या खेळाडूला अप्रूप वाटणे साहजिक होते.

सहेली तीन माना खर्चून येते आणि तिच्याजवळ तीन लॉयल्टी गुण (तिच्या शक्तींचे चलन आणि तिचे आयुष्यही) असतात. दोन गुण खर्चून ती आपल्या एखाद्या प्राण्याची किंवा यंत्राची तात्पुरती प्रत बनवते. ती प्रत त्याच टर्नला हल्ला करू शकते आणि टर्न संपताना खेळाबाहेर जाते. सुरुवातीला स्पर्धांत या कार्डाला फारशी मागणी नव्हती.

२० जानेवारी २०१७ रोजी पुढचा संच, एथर रिव्होल्ट, आला. त्यात फेलिडार गार्डियन नावाचे एक साधे अनकॉमन (मध्यम दुर्मिळतेचे) कार्ड होते: चार मानांचा मांजरवर्गीय प्राणी, हल्ल्याची ताकद एक, सहनशक्ती चार. तो टेबलावर येताच आपले दुसरे एखादे कार्ड खेळाबाहेर काढून लगेच परत आणता येते. आता सहेली आणि हे मांजर शेजारी ठेवून पाहा. सहेली दोन गुण देऊन मांजराची प्रत काढते. प्रत येताच सहेलीला बाहेर काढून परत आणते. परत आलेली सहेली खेळाच्या दृष्टीने कोरी असते, तिचे गुण पुन्हा तीन. ती आणखी एक प्रत काढते. असे हवे तितक्या वेळा करायचे आणि मग शेकडो मांजरे एकदम हल्ल्याला सोडायची. तिसऱ्या टर्नला सहेली, चौथ्या टर्नला मांजर, गेम संपला. खेळाडूंनी या डेकला कॉपीकॅट म्हटले.

पण दोन कार्डांची जोडी म्हणजे डेक नव्हे. दोन्हींच्या चार-चार प्रती ठेवल्या, तरी पहिल्या दहा पानांत दोन्ही हाती येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चार गेममध्ये एखाद्या वेळी. उरलेल्या तीन वेळी डेकने काय करायचे, हा बांधणाऱ्यापुढचा खरा प्रश्न होता. काहींनी पत्ते शोधणारी आणि समोरच्याला थोपवणारी कार्डे भरून जोडीची वाट पाहणारा डेक केला. काहींनी कलादेशच्याच, एनर्जी नावाचे गुण साठवून वापरणाऱ्या कार्डांचा चार रंगांचा डेक बांधला. तो एरवीही धडाडीने खेळे आणि जोडी जमली तर तिथेच जिंके. पुढे हा दुसरा मार्गच जास्त घातक ठरला.

समोरच्या खेळाडूंचे डेकही त्यामुळे बदलले. एका मानात दोन नुकसान करणारे शॉक हे कार्ड बहुमोल झाले, कारण प्रत काढून एका गुणावर आलेल्या सहेलीला ते नेमक्या क्षणी, मांजर तिला उचलण्याआधी, संपवते. एथर रिव्होल्टमधलेच वॉकिंग बॅलिस्टा तेच काम माना न लावता करे. ऑथॉरिटी ऑफ द कॉन्सल्स टेबलावर असेल, तर विरोधकाचे प्राणी आडवेच, म्हणजे लगेच हल्ला करता न येणारे, येत आणि मांजरांची फौज जागच्या जागी बसून राही. ही उत्तरे नसलेले संथ डेक नाहीसे झाले. उत्तरे असणाऱ्यांनाही चौथ्या टर्नपासून एक माना मोकळा ठेवून, म्हणजे प्रत्येक खेळी थोडी आखडून, खेळावे लागले. जोडी समोरच्याच्या हातात नसतानाही तिचा धाक चालू असे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये डब्लिनला झालेल्या प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेत मात्र ब्राझीलचे लुकास एस्पर बेर्तू यांनी मार्डू व्हेइकल्स या वेगवान डेकने बाजी मारली. त्यानंतरच्या महिन्यांत स्टँडर्ड मार्डू आणि कॉपीकॅट या दोन डेकांभोवतीच फिरत राहिले. २४ एप्रिल २०१७ च्या बंदी-घोषणेत स्टँडर्डमध्ये काहीही बदल नव्हता. दोनच दिवसांनी, आमोनखेत या नव्या संचाची मॅजिक ऑनलाइन या संगणकावरच्या आवृत्तीतली पहिली माहिती पाहून, फेलिडार गार्डियनवर बंदी आली. ही जोडी तपासणीत नजरेतून सुटल्याचे कंपनीने कबूल केले होते. त्याच वर्षी स्पर्धात्मक तोल पाहण्यासाठी प्ले डिझाइन हा वेगळा गट उभा राहिला.

जुन्या कार्डांचे दिवस पालटतात तेव्हा

आय ऑफ युगिन ही लँड फेब्रुवारी २०१० मधली. ती रंगहीन एल्ड्राझी (राक्षसी प्राण्यांची एक जात) कार्डांचा खर्च दोन मानांनी कमी करते. त्या काळचे एल्ड्राझी इतके महाग होते की ही सूट बेताचीच वाटे. जानेवारी २०१६ मध्ये ओथ ऑफ द गेटवॉच संचात दोन ते पाच मानांचे चपळ एल्ड्राझी आले आणि सहा वर्षांपूर्वीची सूट भलतीच मोठी झाली. पुढच्याच महिन्यात अटलांटाच्या प्रो टूरमध्ये मॉडर्न या, जुने संचही चालणाऱ्या प्रकारातल्या अंतिम आठांपैकी सहा डेक एल्ड्राझींचे होते. एप्रिलमध्ये बंदी आली ती जुन्या लँडवर.

स्टोनफोर्ज मिस्टिक त्याच २०१० च्या संचातले. ते डेकमधून एक शस्त्र शोधून हातात देते. शोधणाऱ्या कार्डाची ताकद त्याला शोधायला काय मिळते यावर असते. २०११ मध्ये सोर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन आणि मग बॅटरस्कल ही शस्त्रे आली. जुलै २०११ पासून मिस्टिक स्टँडर्डमधून बाद झाले.

मोल ठरवताना होणाऱ्या चुका

नवा संच विक्रीला येण्याआधी त्याची कार्डे एकेक करून जाहीर होतात आणि खेळाडू त्यांवर मते देतात. ही मते फसल्याची उदाहरणे पुष्कळ. १९९५ चे नेक्रोपोटन्स आयुष्यगुण (हे संपले की खेळाडू हरतो) देऊन पत्ते घेऊ देते. सुरुवातीला गुण गमावण्याची भीती वाटून अनेकांनी ते बाजूला ठेवले, आणि १९९६ च्या उन्हाळ्यात स्पर्धा त्यानेच व्यापल्या. २००७ च्या टार्मोगॉयफचे मोलही पहिल्या दिवसांत थोड्यांनाच कळले, आणि नंतर ते कित्येक वर्षे सर्वांत महाग कार्डांमध्ये गणले गेले.

नवे कार्ड चांगले आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते घालायला डेकमधली कोणती चार कार्डे काढायची, हे विचारावे लागते, आणि ते जास्त अवघड असते. संच आल्यावर पहिल्या आठवड्यात साधे, वेगवान डेक जिंकतात ते याच कारणाने. त्यांना आपले काम माहीत असते. थोपवणाऱ्या डेकला कोणाला थोपवायचे हेच अजून कळलेले नसते. साइडबोर्ड तर समोर काय येणार हे ठरल्याशिवाय नीट बांधताच येत नाही. म्हणून अनुभवी खेळाडू पहिल्या आठवड्यात जुना, हातात बसलेला डेक दोन-चार बदल करून नेतात आणि निकाल पाहून मग नवा बांधतात.

वाढता वेग आणि बंदी

मॅजिक अरीना ही नवी डिजिटल आवृत्ती २०१९ मध्ये अधिकृतपणे सुरू झाल्यापासून नव्या कार्डांची ही पारख आठवड्यांवरून दिवसांवर आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ओको, थीफ ऑफ क्राउन्स या कार्डावर स्टँडर्डमध्ये १८ नोव्हेंबरला बंदी आली. २०२५ मध्ये स्टँडर्डमध्ये सहा मोठे संच आले. त्या वर्षी ३० जूनला एकदम सात कार्डे बाद झाली, आणि जूनमध्ये आलेले विव्ही ऑर्निटिअर हे कार्ड नोव्हेंबरमध्ये बंदीत गेले. माझ्या मते वर्षाला सहा संच ही खेळाडूच्या खिशावर आणि वेळेवर अन्यायकारक ओढ आहे. डेक हाताला बसायला जेवढे आठवडे लागतात, तेवढेच त्याचे आयुष्य उरते.

छापलेला मजकूर खोडता येत नाही, म्हणून कागदी खेळात बंदी हाच मुख्य उपाय आहे. अरीनावर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अल्केमी प्रकारात कार्डाचे आकडे आणि मजकूर नंतरही बदलले जातात. कागदावर असे क्वचितच घडते. एप्रिल २०२० च्या इकोरिया संचातली कम्पॅनियन कार्डे डेकबाहेर राहून प्रत्येक गेमला हमखास हाताशी असत. ती एवढी भारी पडली की १ जूनला त्यांचा नियमच बदलण्यात आला, आणि ते कार्ड हातात घ्यायलाच आधी तीन माना मोजावे लागू लागले. आधी छापलेल्या कार्डांवर मात्र जुनाच नियम वाचायला मिळतो.