मीटर म्हणतंय बारा व्होल्ट, मग लॉक का लागेना?

साताऱ्यात जुलैची झड लागली की गाडीची दारं आठ-आठ दिवस कोरडी होत नाहीत. अशाच एका संध्याकाळी पोवई नाक्याजवळ गाडी लावली आणि रिमोट दाबला. तीन दारांनी 'खट्' केलं, डावीकडच्या पुढच्या दारानं नुसतंच 'टुक्'. आतला खटका अर्ध्यावर येऊन थांबलेला. एका गॅरेजमध्ये लगेच निकाल लागला: मोटर गेली, अख्खा लॉक बदला.

दारातली ही मोटर म्हणजे जवळजवळ खेळण्यातलीच वस्तू. छोटी डीसी मोटर, प्लॅस्टिकची दोन-चार दातेरी चाकं आणि एक दांडी. तिला फिरवायला दोनच वायरी लागतात. एकीकडून प्रवाह दिला की लॉक लागतो, उलटा दिला की उघडतो. ही उलटापालट रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, करतात. एवढं कळलं की निम्मं निदान बसल्या जागी होतं. एकही दार हलत नसेल तर दाराचं आतलं आवरण, म्हणजे पॅड, खोलत बसू नका, आधी फ्यूज आणि बॅटरी बघा. लॉक लागतो पण उघडत नाही? मग मोटरची वायर बहुधा शाबूत आहे, कारण दोन्ही कामं त्याच दोन वायरी करतात. संशय रिलेवर घ्यावा, नाहीतर गंजलेल्या खटक्यावर. एकच दार अडून बसलं असेल तर बिघाड त्या दारात, किंवा दारापर्यंतच्या वाटेत.

मी दाराचा पॅड काढला, मोटरचा कनेक्टर सोडवला आणि त्यात मल्टीमीटरच्या सुया घातल्या. मुलाला बटण दाबायला बसवलं. लॉकला प्रवाह सेकंदभरही मिळत नाही, त्यामुळे आकडा पकडायला त्याला चार-पाच वेळा दाबायला लावलं. १२.३ व्होल्ट! म्हणजे वीज येतेय, मोटरच मेली. गॅरेजवाल्याला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेतल्या आणि नवी मोटर आणायला निघालो.

वाटेत ओळखीच्या वायरमनला हे सांगितलं. तो हसला. "मीटरला काय वजन उचलायचंय व्हय, सर? बल्ब लावून बघा."

त्याचं म्हणणं आकड्यांत मांडू. लॉकची मोटर समजा ३ अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध झाला ४ ओहम. वाटेत वायर आतून तुटली आहे, टोकं नुसती टेकलीत, मध्ये हिरवा कीट चढलाय आणि तिथं १२ ओहमचा अडथळा आहे असं धरा. आता प्रवाह पाऊण अँपिअरच वाहणार. बारापैकी नऊ व्होल्ट त्या कीटातच खर्ची पडतात आणि मोटरच्या वाट्याला येतात तीन. पण डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम. तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्या अडथळ्यावर व्होल्टेज पडतही नाही. मीटर पूर्ण बारा दाखवतो आणि आपण मोटर विकत घेतो.

इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. तोच कनेक्टरला लावला, तर निखाऱ्यासारखा मंद लाल झाला आणि विझला. (एलईडीचा टेस्टर इथं कुचकामी, तोही मीटरसारखाच अल्पाहारी. आणि हा बल्ब फक्त मोटरच्या वायरींवर लावायचा. कंट्रोल युनिटकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वायरींना लावलात तर ते युनिटच जळू शकतं. पिवळ्या कनेक्टरला हातच लावू नका, तो बहुधा एअरबॅगचा असतो.)

दार आणि ते ज्याला बिजागरीनं जोडलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्यामध्ये पेटीच्या भात्यासारखी घड्यांची रबरी नळी असते. दार उघडताना दर वेळी आतल्या वायरी वाकतात. दिवसाला दहा वेळा धरलं तरी बारा वर्षांत चाळीस हजारांवर वेळा. नळी खांबातून सोडवून मागे सरकवली आणि एकेक वायर हलकेच ताणली. बाकीच्या ताठ राहिल्या. एक मात्र रबरासारखी लांबली. वरचं प्लॅस्टिक धडधाकट, आत तांबं नाही.

नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला असता तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झालं असतं. नळीच्या आत झाळ दिली तरी झाळेच्या कडेला वायर ताठ होते आणि तिथंच मोडते. म्हणून बारीक तारांच्या लवचीक वायरीचा वीतभर तुकडा घालून दोन्ही जोड नळीच्या बाहेर घेतले. मोटर जुनीच राहिली.

पॅड बसवण्याआधी दाराच्या तळाची भोकं तपासली. काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच, ते वाहून जायला ही ठेवलेली असतात. चिखलानं बुजली होती. तार खुपसली, तर पेलाभर गढूळ पाणी पायावर आलं.