पत्र्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा ढिले का होतात?

पोर्शेच्या जुन्या ९११ गाडीचं मागचं झाकण उघडलं की नजर जाते ती इंजिनाच्या पंख्यावर. त्या पंख्याखाली, इंजिनाच्या चारी कडांना काळे पत्रे बसवलेले असतात, त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. बघायची वेळ येते ती खडखड सुरू झाल्यावर. मग मेकॅनिक चार स्क्रू आवळून देतो, आवाज थांबतो आणि थोड्या दिवसांनी परत सुरू होतो. मालक आवाजाला वैतागतो, पण ढिल्या पत्र्याच्या त्रासातला तो सगळ्यात किरकोळ भाग आहे.

९११ पहिल्यांदा दिसली १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात. १,९९१ सीसीचं इंजिन, सहा आडवे सिलिंडर, तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या. पाण्याचा रेडिएटर नाही. १९९८ पर्यंत या घराण्यातली इंजिनं हवेवर आणि तेलावरच थंड होत राहिली. हवा हे तसं उष्णता वाहायला फारच दुबळं माध्यम. एक लिटर पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता घेतं, तेवढी घ्यायला जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवा लागते. हवा ८० अंशांनी तापू द्यायची म्हटलं, तरी दर किलोवॉट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे १० लिटर हवा सिलिंडरच्या पंखांमधून, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधून, जायला हवी. जोरात पळणारं इंजिन तर कित्येक किलोवॉट उष्णता बाहेर टाकत असतं.

म्हणून पंखा. तो वरची गार हवा ओढतो आणि सिलिंडरवरून खाली ढकलतो. तापलेली हवा गाडीच्या पोटाखालून निघून जाते. कडेचे पत्रे या व्यवस्थेतली जमीन आहेत. वर गार, खाली गरम, आणि मध्ये हा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा. पंखा वरची हवा सतत ओढत असल्यामुळे वरचा दाब किंचित कमी असतो. पत्र्यात फट पडली की खालची गरम हवा त्या फटीतून वर येते आणि पंखा तीच परत इंजिनावर मारतो. हिशेब सोपा आहे: बाहेर ३० अंश आणि खालची हवा १०० अंश धरली, तर पंख्याच्या हवेत गरम हवेचा दहावा हिस्सा मिसळला तरी इंजिनाला मिळणारी हवा ३७ अंशांची होते. सिलिंडर हेडचं तापमानही साधारण तेवढंच चढतं. गर्दीत रखडलेल्या गाडीला सात अंश पुष्कळ होतात.

आपल्याकडच्या बजाज चेतकमध्येही हेच तत्त्व होतं. फ्लायव्हीलवरची पाती हवा फेकायची आणि सिलिंडरवरचं काऊल ती हवा पंखांमधून वळवायचं. काऊल न बसवता स्कूटर पळवणाऱ्यांना इंजिन का जाम होतं हे कोडं पडायचं. पंखा फिरत होता, पण हवेला वाट दाखवणारं कोणी नव्हतं.

आता मूळ प्रश्न. या पत्र्यांचे स्क्रू बहुधा एम ६ मापाचे, म्हणजे आट्यांचा व्यास ६ मिमी आणि एका फेऱ्यात १ मिमीची चाल. आट्याचा उतार भरतो जेमतेम साडेतीन अंश. पोलादावर पोलाद घासतं तेव्हा सात-आठ अंशांच्या उतारावरही वस्तू घसरत नाही. म्हणजे आवळलेला स्क्रू आपणहून उलटा फिरायला नको. तरी फिरतो. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं याचं कारण प्रयोगानं दाखवलं. स्क्रूला त्याच्या लांबीच्या दिशेनं हादरे दिले तर तो बऱ्यापैकी टिकून राहतो. पण जोडलेले दोन पत्रे एकमेकांवर आडवे सरकू लागले की तो झपाट्यानं सुटतो. घर्षणाची गंमत अशी की ते सरकण्याच्या दिशेविरुद्ध लागतं. आडवं सरकणं सुरू झालं की घर्षणाचं सगळं बळ तिकडेच खर्ची पडतं, आणि आट्यांच्या साडेतीन अंशांच्या उताराला अडवायला काही शिल्लक राहत नाही. हलवून खुंटा बळकट करतात म्हणतात. स्क्रूच्या बाबतीत हलवला की खुंटा निघालाच.

हे आडवं सरकणं हादऱ्यांमुळे होतंच, पण उष्णतेमुळेही होतं. १९६८ ते १९७७ दरम्यानच्या ९११ चा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. मॅग्नेशियम तापल्यावर पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. अर्धा मीटर लांबी आणि ८० अंशांची वाढ धरली, तर दोघांच्या वाढीत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. पत्र्यातली भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात ती याचसाठी. दर वेळी गाडी तापते आणि निवते, तेव्हा पत्रा स्क्रूच्या डोक्याखाली थोडासा सरकतो.

तरीही, याच इंजिनातले हेडचे नट वर्षानुवर्षं घट्ट कसे राहतात? उत्तर लांबीत आहे. स्क्रू किंवा स्टड (ज्याच्यावर नट बसतो तो आटेवाला दांडा) आवळला की तो ताणला जातो, आणि तो ताण जोड धरून ठेवतो. १०० मिमीचा स्टड आवळताना सहज ०.१ मिमी, म्हणजे १०० मायक्रॉन ताणला जातो. जोडात दोन-चार मायक्रॉन दबलं तरी त्याला फरक पडत नाही. पत्र्याच्या स्क्रूची धरलेली लांबी, म्हणजे डोकं आणि गुंतलेले आटे यांच्यामधला भाग, असते दोनेक मिलिमीटर. तो ताणला जाऊन जाऊन जाणार किती? दोन-तीन मायक्रॉन. पत्र्यावरचा रंग तेवढा दबला की ताण संपला.

इथे जुन्या गाड्या सजवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पत्रे काढले की पहिलं काम म्हणून ते पावडर कोटिंगला जातात. तो थर ६० ते १०० मायक्रॉनचा, प्लास्टिकसारखा, तापल्यावर आणखी मऊ होणारा. स्क्रूच्या डोक्याखाली असा थर ठेवायचा आणि स्क्रू घट्ट राहावा अशी अपेक्षा करायची! कोटिंग करायचंच तर स्क्रू बसतो तेवढी जागा झाकून घ्यावी.

स्प्रिंग वॉशरवरही भरवसा नको. तो स्क्रूच्या ताणाच्या मानानं फारच कमी जोरात सपाट होतो, आणि सपाट झाल्यावर साधा वॉशरच उरतो. नासानं १९९० मध्ये काढलेल्या फास्टनरविषयीच्या, म्हणजे नट-बोल्ट-स्क्रूंविषयीच्या, मार्गदर्शिकेत तो लॉकिंगसाठी निरुपयोगी असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. दुकानदार तरी मूठभर देतोच.

एक स्क्रू पडला तरी चालतं, हा समजही महागात पडतो. पत्र्याची कंपनसंख्या दोन आधारांमधल्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मधला स्क्रू गेला की अंतर दुप्पट होतं आणि कंपनसंख्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला १५० स्फोट करतं. सेकंदाला पाचसहाशे वेळा कंप पावणारा, म्हणून इतके दिवस शांत असलेला पत्रा नेमका त्या १५० च्या आसपास येतो आणि थरथरू लागतो. मग शेजारच्या स्क्रूच्या भोकापासून चीर निघते.

चीर निघाली असेल तर तिच्या टोकाला तीनेक मिलिमीटरचं भोक पाडावं. चिरेचं टोक अतिशय अणकुचीदार असल्यानं सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल भोक तो पसरवतं. त्यानंतर वेल्डिंग. उलट क्रमानं केलं तर वेल्डिंगच्या पुढून चीर पुन्हा चालू लागते.

आटे गेले असतील तर जाड स्क्रू ठोकून बसवू नये. पत्र्याला मागून वेल्ड केलेला नट नवा लावता येतो. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियममधले आटे गेले असतील तर भोक थोडं मोठं करून, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून तारेच्या वेटोळ्याचा इन्सर्ट बसवतात. नुसतेच गंजलेले असतील तर एम ६ चा टॅप फिरवून साफ करणं पुरतं.

स्क्रूवर मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर लावावा. हा चिकटपदार्थ हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये आणला. हवेतला ऑक्सिजन त्याला घट्ट होऊ देत नाही, म्हणून तो बाटलीत पातळच राहतो. आट्यांच्या फटीत हवा संपते, धातूची साथ मिळते आणि तो गोठतो. आटे तेलकट असले तर मात्र त्याचा उपयोग नाही.

पत्रे बसवताना सगळे स्क्रू आधी हातानं लावावेत, पत्रा आपल्या जागी बसू द्यावा, मग मधल्या स्क्रूपासून कडेकडे आवळत जावं. पत्रा आणि गाडीच्या अंगामधली रबरी पट्टीही बदलावी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर डुलतं, गाडीचं अंग डुलत नाही, आणि हा फरक ती पट्टी सांभाळते. कडक झालेली पट्टी फट झाकत नाही.

थ्रेडलॉकर लावण्याआधी एकदा इंजिन पूर्ण तापवून गार करावं आणि प्रत्येक स्क्रूला पाना लावून पाहावा. जो फिरेल तो काढून त्याच्याखालची जागा तपासावी. बहुतेक वेळा तिथे रंग सापडतो.