टॉमी जॉन शस्त्रक्रिया

कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला असता त्या जागी रुग्णाच्याच शरीरातली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) बसवण्याची शस्त्रक्रिया. बेसबॉलमधल्या पिचरांवर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंवर, ती सर्वाधिक केली जाते. नाव ती शोधणाऱ्या शल्यविशारदाचे नसून ज्याच्यावर ती पहिल्यांदा झाली त्या खेळाडूचे आहे. अमेरिकेत हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. संघाने ‘कोपराची एमआरआय तपासणी होणार’ एवढेच जाहीर केले, तरी चाहते पुढचा हंगाम हिशेबातून वजा करतात.

हा अस्थिबंध दंडाचे हाड आणि त्याखालचे करंगळीच्या बाजूचे हाड यांना जोडतो. बोटाच्या पेराएवढ्या या पट्टीवर पिचरची सारी मिळकत टांगलेली असते. चेंडू टाकताना हात मागे पूर्ण वळतो आणि क्षणार्धात पुढे झेपावतो, तेव्हा कोपर आतल्या बाजूने उघडू पाहते. प्रयोगशाळेत नुसत्या अस्थिबंधाला जेवढा ताण सोसतो त्याहून जास्त ताण वेगवान पिचरच्या प्रत्येक चेंडूला कोपरावर येतो. उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात. ते थकले की तो अस्थिबंधाकडे सरकतो. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाला हे दुखणे क्वचितच होते, कारण चेंडू टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करण्याची त्याला मुभाच नाही. त्याची पाठ आधी बोलते.

लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन १७ जुलै १९७४ रोजी माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळताना जायबंदी झाला. त्या हंगामात त्याच्या नावावर १३ विजय आणि ३ पराभव होते. तोवर अशा दुखापतीला ‘मेलेला हात’ म्हणत आणि कारकीर्द तिथेच संपे. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. नंतर मज्जातंतूच्या त्रासासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागली आणि १९७५चा पूर्ण हंगाम गेला. १९७६मध्ये जॉन परतला आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे १९८९पर्यंत, खेळत राहिला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. जोब यांनी मात्र घाई केली नाही. पहिल्या रुग्णाचे काय होते ते पाहूनच त्यांनी दुसऱ्यावर हात घातला आणि १९८६मध्ये सोळा खेळाडूंचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यांतले दहा पूर्वीच्या पातळीवर परतले होते.

कंडरा बहुधा मनगटाजवळची घेतात. काही माणसांच्या हातात ती जन्मतःच नसते, तेव्हा मांडीमागची चालते. दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती ओवतात. शस्त्रक्रिया तासा-दीड तासात आटोपते. खरी परीक्षा त्यानंतरची. आधी कोपर बांधलेले, मग बिजागरीच्या पट्ट्यात थोडे थोडे सरळ. चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिला चेंडू, तोही जेमतेम पंधरा मीटरवर हलकेच. अंतर वाढत जाते, मग पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरून फेक, मग समोर फलंदाज, मग कनिष्ठ लीगमधले सराव सामने. कंडरेला अस्थिबंधाचे गुण यायला वेळ लागतो, म्हणून वेदना नाही याचा अर्थ हात तयार आहे असा होत नाही. साधारण बारा ते अठरा महिने जातात. वेग लवकर परततो, चेंडू हवा तिथे टाकण्याची हातोटी सर्वांत शेवटी. परतल्यावरही संघ हात राखून वापरतो. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१२मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गला १५९ डावांनंतर थांबवले आणि त्याच्याविना बाद फेरी खेळून हरले. त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. २०१९च्या जागतिक मालिकेत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीत, तोच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, हे निर्णयाच्या बाजूने मांडता येते. त्यानंतर त्याला २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि तो जेमतेम आठ सामने खेळू शकला, हेही मग सांगावे लागते.

खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर या शस्त्रक्रियेचा परिणाम फार खोल झाला आहे. करारातला पगार हमीचा असतो, त्यामुळे जायबंदी पिचर संघाच्या खर्चात राहतो. साठ दिवसांच्या जायबंदी यादीत टाकल्याने संघाच्या चाळीस खेळाडूंच्या नोंदयादीतली जागा मोकळी होते, पैसे नाहीत. म्हणून प्रत्येक व्यवहाराआधी वैद्यकीय कागद तपासले जातात. २०१६च्या उन्हाळ्यात सॅन डिएगो पाड्रेसने पिचर कॉलिन रिआला मायामीच्या संघाकडे धाडले. पहिल्याच सामन्यात त्याचे कोपर दुखावले आणि मायामीने त्याला परत पाठवून बदल्यात दिलेला लुइस कास्तियो हा तरुण पिचर मागे घेतला. त्याच सुमारास पाड्रेसने बॉस्टनला ड्रू पॉमरँझ दिला होता. त्याच्याविषयीची वैद्यकीय माहिती दडवल्याबद्दल पाड्रेसचे महाव्यवस्थापक ए. जे. प्रेलर तीस दिवस निलंबित झाले. शिक्षा सौम्यच म्हणावी लागेल. त्या सौद्यात पाड्रेसला मिळालेल्या अँडरसन एस्पिनोझावर पुढे दोनदा हीच शस्त्रक्रिया झाली.

कागदांवरून काढलेला निष्कर्ष मात्र नेहमी बरोबर ठरत नाही. पिचर आर. ए. डिकीच्या कोपरात हा अस्थिबंधच नाही असे १९९६मध्ये आढळले आणि टेक्सस रेंजर्सने त्याला देऊ केलेले ८,१०,००० डॉलर ७५,००० वर आणले. त्याच डिकीने २०१२मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. उलट २०१४मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रेडी एकनच्या कोपराबद्दल शंका घेतली, करार फिसकटला, टीका झाली. वर्षभरात एकनला शस्त्रक्रिया करावी लागली आणि करार न झाल्याच्या भरपाईदाखल मिळालेल्या पुढच्या वर्षीच्या निवडीतून ह्यूस्टनला अॅलेक्स ब्रेगमन मिळाला.

चाणाक्ष संघ पडत्या भावात खरेदी करतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या नेथन इओव्हाल्डीला टॅम्पा बेने २०१७मध्ये स्वस्तात घेतले, वर्षभर थांबले आणि जुलै २०१८मध्ये बॉस्टनला दिले. त्याच वर्षी बॉस्टनच्या विजेतेपदात त्याचा मोठा वाटा होता. बॉस्टनचा पिचर क्रिस सेल याची शस्त्रक्रिया २०२०मध्ये झाली. पुढे बरगडी, बोट, मनगट अशा दुखापतींनी वैतागलेल्या बॉस्टनने २०२३च्या अखेरीस वर १.७ कोटी डॉलर देऊन त्याला अटलांटाकडे पाठवले. पुढच्याच हंगामात १८ विजयांसह साय यंग त्याच्याकडे गेला. शोहेई ओतानी तर २०२३मध्ये कोपराची दुसरी शस्त्रक्रिया झालेली असताना डॉजर्सकडून दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार घेऊन गेला. अर्थात तो फलंदाजही असल्याने त्याचे उदाहरण इतरांना लागू पडत नाही.

शस्त्रक्रिया यशस्वी होते म्हणून ती सोपी वाटू लागली, हा तिचा वाईट परिणाम. तिने वेग वाढतो असा समज खेळाडूंत आणि पालकांत आहे. धडधाकट कोपर आधीच ‘पक्के’ करून घ्यावे का, असेही विचारले जाते. वेग वाढलाच, तर तो सक्तीच्या दीड वर्षात केलेल्या व्यायामाचा असतो. व्यावसायिक पिचरांमधले प्रमाण २०१०नंतर बरेच वाढले. अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग असलेल्या मेजर लीगच्याच डिसेंबर २०२४च्या अहवालात त्याची कारणे वेगाचा हव्यास, चेंडूला अधिकाधिक फिरकी देण्याची धडपड आणि प्रत्येक चेंडूला संपूर्ण जोर लावण्याची सवय अशी दिली आहेत. मुलांसाठी २०१४पासून मार्गदर्शक मर्यादा आहेत : नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसात ७५ चेंडू, सतरा-अठरा वर्षांच्याने १०५. पण एकच मुलगा शाळेच्या आणि क्लबच्या अशा दोन संघांतून खेळतो, तेव्हा दोन्हीकडची बेरीज कोणी ठेवत नाही.