वर्कशॉपचा रॅक, सरावाचा स्टँड: छोट्या उपकरणासाठी पेटंटचा अर्ज कसा करावा

पान्हे-ड्रिल बिट लावायचा नवा रॅक किंवा क्रिकेटच्या सरावाचा स्टँड बनवला, की पहिला मोह होतो तो व्हिडिओ टाकण्याचा. तिथेच थांबा. अर्ज दाखल होण्याआधी रचना जगजाहीर झाली तर तिचे नावीन्य संपते, आणि तुमचा स्वतःचा व्हिडिओच तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरतो. शाळा-कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनालाही आपोआप सूट नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. मैदानावर चाचणी घेतल्याशिवाय उपकरण तपासताच येत नसेल, तर कलम ३२ खाली अर्जाआधीच्या एका वर्षातली वाजवी चाचणी चालते. तरीही ती मोजक्या लोकांसमोर घ्या आणि त्यांच्याकडून गोपनीयतेचा करार लिहून घ्या.

कोण अर्ज करू शकतो

खरा आणि पहिला संशोधक, त्याने हक्क लिहून दिलेली व्यक्ती किंवा संस्था, किंवा मृत संशोधकाचा कायदेशीर वारस. शिक्षणाची, पदवीची अट नाही. पेटंट एजंट (अर्जाचे काम करून देणारा नोंदणीकृत व्यावसायिक) नेमणेही सक्तीचे नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय. अर्ज क्रमांकातला पाचवा अंक २ असतो, तो मुंबईचाच.

पेटंट कशाला मिळते आणि कशाला नाही

या प्रकारच्या उपकरणांचे अनेक अर्ज अडतात ते पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एफ) वर. आधीच माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करत राहिली, तर तो शोध धरला जात नाही. रॅकला चुंबकाची पट्टी, वर दिवा, बाजूला मोजपट्टी: वस्तू उपयोगाची आहे, पण दिव्याचा पट्टीशी काही संबंध नाही. आता दुसरी रचना पाहा. खणात जेवढी जड हत्यारे ठेवाल तेवढा खणाखालचा तिरका पाचर आत सरकतो आणि कुलूप घट्ट होते, त्यामुळे रॅक हलवला तरी खण उघडत नाहीत. इथे वजन, पाचर आणि कुलूप एकमेकांमुळे काम करतात. अर्जात लिहायचे ते हेच नाते.

दोरीला टांगलेल्या चेंडूचेही तसेच. खांब, दोरी आणि चेंडू जगाला माहीत आहेत. तुमच्या स्टँडमध्ये दोरीच्या वरच्या टोकाला असा घर्षण-ब्रेक असेल, की फटक्यानंतर दोन-तीन झोक्यांत चेंडू पुन्हा जागेवर येतो, तर क्लेम (तुमचा हक्क नेमका कशावर, ते सांगणारे अर्जातले वाक्य) त्या ब्रेकचा आणि दोरीशी असलेल्या त्याच्या जोडणीचा हवा.

आधी शोध घ्या. पेटंट कार्यालयाची इनपास ही शोधसुविधा फुकट आहे. गूगल पेटंट्सही पाहा. नुसत्या शब्दांनी शोधलेत तर निम्मे हाती लागत नाही, कारण लिहिणारे वस्तूला भलतीच नावे देतात. वर्गीकरणाने शोधा: वर्कशॉपमधल्या साठवणीच्या साधनांसाठी बी२५एच ३/००, विशिष्ट खेळांच्या सराव-साधनांसाठी ए६३बी ६९/००. वर्गाची अक्षरे रोमन लिपीत टाका.

एक गोष्ट पुष्कळजण विसरतात: रॅक आणि स्टँड हे दोन वेगळे शोध आहेत. पैसे वाचवायला दोन्ही एकाच अर्जात घातले तर एका अर्जात एकच शोध-संकल्पना या नियमावर हरकत येते आणि अर्ज फोडावा लागतो.

कागदपत्रे

फॉर्म १ हा मूळ अर्ज. संशोधक आणि अर्जदार वेगळे असतील तर हक्काचा पुरावा त्यातच सहीने द्यावा, नाहीतर ६ महिन्यांत वेगळा जोडावा. फॉर्म २ म्हणजे स्पेसिफिकेशन, शोधाचे लेखी वर्णन. परदेशी अर्जांच्या माहितीसाठी फॉर्म ३, पूर्ण स्पेसिफिकेशनसोबत संशोधकत्वाचा फॉर्म ५, आणि एजंट असेल तर फॉर्म २६. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची असेल तर फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणीचा दाखला. व्यक्तीच्या नावाने अर्ज करणाऱ्याला फॉर्म २८ लागत नाही.

स्पेसिफिकेशन इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागते, मराठी चालत नाही. शीर्षक १५ शब्दांत आणि गोषवारा १५० शब्दांत बसवा. आकृत्या ए४ कागदावर, वर आणि डावीकडे किमान ४ सेंटिमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटिमीटर समास सोडून. प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि वर्णनात तोच वापरा. आकृतीत स्प्रिंग १२ आणि मजकुरात १४, एवढ्यावरूनही हरकत निघते. मापे एकाच आकड्यात अडकवू नका. 'दोरी ८ मिलिमीटर' लिहिले तर १० मिलिमीटरवाला मोकळा सुटतो. '६ ते १२ मिलिमीटर, शक्यतो ८' असे लिहा.

अर्जाचा क्रम

रचना पक्की नसेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरते स्पेसिफिकेशन दाखल करा. त्यात क्लेम लागत नाहीत आणि तारीख हाती येते. मात्र १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन गेले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. प्रोव्हिजनलमध्ये एक पान खरडून मोकळे होणाऱ्यांचे नुकसान होते: ब्रेकचा उल्लेखच नसेल तर ब्रेकला जुनी तारीख मिळत नाही. सुचलेले सगळे पर्याय त्यात घाला.

ऑनलाइन अर्जाला डिजिटल सिग्नेचर लागते. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना शुल्क १,६०० रुपये, इतरांना ८,०००. त्यात ३० पाने आणि १० क्लेम येतात. सवलतीतल्या अर्जदाराला पुढच्या प्रत्येक पानाला १६० आणि क्लेमला ३२० रुपये. कागदी अर्जाला साधारण १० टक्के जास्त.

१८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म ९ आणि २,५०० रुपये (हे आणि पुढचे तपासणीचे शुल्क सवलतीतल्या अर्जदाराचे). पण नुसता अर्ज केल्याने तपासणी होत नाही. त्यासाठी फॉर्म १८ आणि ४,००० रुपये स्वतंत्रपणे भरावे लागतात. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना फॉर्म १८ भरण्याची मुदत अर्जाच्या पहिल्या तारखेपासून ३१ महिने आहे, आधी ती ४८ होती. जुनी माहितीपत्रके वाचून बसलेल्यांचे अर्ज इथेच हातचे जातात. अर्जदार महिला, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर फॉर्म १८ए भरून, ८,००० रुपयांत जलद तपासणी मागता येते.

तपासणी अहवाल ईमेलवर येतो. उत्तराचे ६ महिने अहवालाच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो वाचलात तेव्हापासून नव्हे. वेळ पुरत नसेल तर मुदत संपण्याआधीच फॉर्म ४ भरून ३ महिने वाढवून घ्या. उत्तरात 'आमचे साधन स्वस्त आणि सोपे आहे' एवढेच लिहू नका. अहवालात दाखवलेल्या जुन्या पेटंटमध्ये कोणता भाग नाही आणि तो आल्याने काय वेगळे घडते, ते मुद्देसूद मांडा. हातात पैसे थोडेच असतील तर ते क्लेम लिहून घेण्यावर आणि या उत्तरावर खर्च करा. बाकीचे फॉर्म स्वतः भरता येतात.

अर्ज प्रलंबित असताना वस्तू विकता येते, पण तिच्यावर 'पेटंटेड' छापू नका, तो कलम १२० चा भंग आहे. 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' चालते. नक्कल करणाऱ्यावर दावा मात्र पेटंट मिळाल्यावरच लावता येतो.

नावीन्य फक्त आकारात, दिसण्यात असेल तर पेटंटच्या मागे लागू नका. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करा. व्यक्तीला शुल्क १,००० रुपये, संरक्षण १० वर्षे आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते.

पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण लागते, सहाव्या वर्षापर्यंत व्यक्तीला वर्षाला ८०० रुपये. किमान ४ वर्षांचे शुल्क एकदम ऑनलाइन भरले तर १० टक्के सूट मिळते.