कन्सोल विकून पैसा कुणाला मिळाला, कुणाला नाही, आणि का

मे २०२१ मध्ये फोर्टनाइट गेम बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्यातला खटला चालू होता तेव्हा एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हिडिओ गेम कन्सोलच्या (टीव्हीला लावून गेम खेळायच्या मशीनच्या), एक अधिकारी लोरी राइट यांनी शपथेवर सांगितलं की मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सचं मशीन विकून आजवर कधीच नफा कमावलेला नाही. म्हणजे २००१ पासून वीस वर्षं, चार पिढ्या, करोडो मशीन विकली आणि मशीनवर नफा शून्य. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसला. आणि तिकडे जपानच्या निन्टेन्डोने २००६ मध्ये वी (Wii) हे मशीन आणलं तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक मशीनमागे त्यांना पैसे सुटत होते. धंदा एकच, ग्राहक जवळपास तेच, मग हिशोब इतका उलटा कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं, थेट अटारीपर्यंत.

अटारी या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये २६०० हे मशीन आणलं, किंमत १९९ डॉलर. खरी कमाई कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनमध्ये खोचायच्या गेमच्या डबीवर होती, एकदा मशीन घरात गेलं की लोक वर्षानुवर्षं गेम घेत राहणार. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती, की दुसऱ्या कुणी त्याच मशीनसाठी कार्ट्रिज बनवली तर काय? १९७९ मध्ये अटारीचेच चार प्रोग्रॅमर बाहेर पडले, कारण गेमवर त्यांचं नाव नसायचं आणि विक्रीत हिस्साही नव्हता, आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. अटारी कोर्टात गेली, १९८२ मध्ये तडजोड झाली, ॲक्टिव्हिजन रॉयल्टी द्यायला तयार झाली, पण त्यातून बाकी सगळ्यांना कळलं की या मशीनसाठी कुणीही गेम काढू शकतं. आणि मग खरंच कुणीही काढायला लागलं. क्वेकर ओट्स, म्हणजे नाश्त्याचे ओट्स विकणारी कंपनी, तिनेसुद्धा गेमचा विभाग उघडला! दुकानात माल तुंबला, कंपन्या बुडाल्या की त्यांची तीस-चाळीस डॉलरची कार्ट्रिज पाच डॉलरला फुंकून टाकली जायची, आणि पाच डॉलरचा ढीग समोर असताना नवीन गेम पूर्ण किमतीला कोण घेणार? १९८२ च्या ख्रिसमससाठी ‘ईटी’ या चित्रपटावरचा गेम पाच आठवड्यांत उरकला, न खपलेली कार्ट्रिज पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली, ती २०१४ मध्ये खणून काढली तेव्हा ही नुसती दंतकथा नव्हती हे सिद्ध झालं. पण माझ्या मते ईटीवर सगळं खापर फोडणं चूक आहे. अटारी बुडाली कारण तिने घरोघरी पसरवलेल्या मशीनवर येणारी कमाई दुसरेच घेऊन जात होते आणि त्यांना अडवायचं काही साधनच तिच्याकडे नव्हतं. अमेरिकेतली वर्षाची उलाढाल ३०० कोटी डॉलरच्या वर होती, ती १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली.

हे सगळं क्योटोत बसून हिरोशी यामाउची बघत होते. निन्टेन्डो १८८९ पासून पत्ते बनवणारी कंपनी, आणि यामाउची १९४९ पासून तिचे प्रमुख. १९८५ मध्ये त्यांनी अमेरिकेत एनईएस (निन्टेन्डो एंटरटेन्मेंट सिस्टिम) हे मशीन आणलं तेव्हा त्यात एक छोटी चिप होती, तिचीच जोडीदार चिप प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये, मशीन चालू केलं की दोघी एकमेकींशी जुळवून बघणार आणि जुळलं नाही तर मशीन परत परत रिसेट होत राहणार, स्क्रीन नुसती लुकलुकणार. बस, एवढ्या एका चिपने सगळा धंदा बदलला. आता गेम काढायचा तर निन्टेन्डोची परवानगी हवी. कार्ट्रिज निन्टेन्डोच बनवून देणार, पैसे आधी भरायचे, माल खपला नाही तर तो तुमचा प्रॉब्लेम. एका कंपनीला वर्षाला फक्त पाच गेम, आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या मशीनवर काढायचा नाही. कोनामीला पाच पुरेनात म्हणून त्यांनी अल्ट्रा गेम्स नावाची वेगळी कंपनी काढून त्या नावाने आणखी गेम आणले. अटी जाचक होत्या यात वाद नाही, पण दुकानदाराचा विश्वास परत आला तो यामुळेच, आणि प्रत्येक गेममागे मशीनवाल्याचा हिस्सा हा नियम तिथून जो बसला तो आजही तसाच आहे, फक्त कार्ट्रिजच्या जागी ऑनलाइन स्टोअर आलं.

आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला लावून जे मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले जायचे ना, ती मशीन बहुतेक फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी अवताराच्या, नकला होत्या. १९८३ च्या जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलूप-चिप नव्हतीच, त्यामुळे नक्कल करणं सोपं होतं, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली कार्ट्रिज बिनधास्त चालायची. आपल्या एका अख्ख्या पिढीने निन्टेन्डोचे गेम खेळले आणि निन्टेन्डोला त्यातून काहीच मिळालं नाही. पुढे सोनीच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) च्या काळात कॉपी चालावी म्हणून चिप मारलेली मशीन आणि कॉपी केलेल्या सीडी-डीव्हीडी, तोच प्रकार. मशीन स्वस्तात विकून गेमवर कमवायचं हे गणित अशा बाजारात बसतच नाही.

आता थ्रीडीओ नावाचं मशीन. हे उदाहरण फार कमी लोकांना आठवतं पण सगळ्यात जास्त शिकवून जातं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही गेम कंपनी सुरू करणारे ट्रिप हॉकिन्स यांना निन्टेन्डोची ही जाचक रॉयल्टी खटकायची, म्हणून त्यांनी ठरवलं की आपण मशीन बनवायचंच नाही, फक्त डिझाइन करायचं, बनवतील पॅनासॉनिक, गोल्डस्टार वगैरे, आणि गेमवाल्यांकडून दर डिस्कमागे फक्त तीन डॉलर घ्यायचे. ऐकायला किती छान! गेम बनवणारे खूश. पण पॅनासॉनिकचं काय? गेमच्या विक्रीतून तिला काही मिळणार नव्हतं, म्हणजे सगळा नफा मशीनमधूनच काढायला हवा, म्हणून १९९३ मध्ये मशीनची किंमत लागली ७०० डॉलर. सोनी किंवा सेगा मशीन तोट्यात विकू शकत होत्या कारण पुढे गेममधून वसूल व्हायचं, पॅनासॉनिकला तो मार्गच नव्हता. मशीन महाग म्हणून घेणारे कमी, घेणारे कमी म्हणून गेम कमी, आणि तीन वर्षांत खेळ खलास. हॉकिन्स यांचा हेतू चांगला होता असं मला मनापासून वाटतं, पण मशीनचा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो आणि तो कोण उचलणार याचं उत्तर त्या योजनेत नव्हतं.

सेगाची गोष्ट वेगळी आणि मला जास्त चटका लावणारी. जेनेसिस या मशीनवर त्यांनी सोनिक या गेमच्या जोरावर अमेरिकेत निन्टेन्डोला घाम फोडला होता. पण १९९४ मध्ये जुन्या मशीनला जोडायचं ३२एक्स आणलं आणि लगेच मागोमाग सॅटर्न हे नवं मशीन, म्हणजे ज्याने ३२एक्स घेतलं तो फसला. मग ११ मे १९९५, लॉस एंजेलिस, पहिलं ई३ प्रदर्शन. सेगाचे टॉम कॅलिन्स्की स्टेजवर आले आणि म्हणाले की सप्टेंबरमध्ये येणारं सॅटर्न आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल, ३९९ डॉलरला. जी दुकानं निवडली नव्हती त्यांना हे तिथेच कळलं, केबी टॉईज या खेळण्यांच्या दुकानांनी तर रागाने सॅटर्न ठेवायचंच बंद केलं, आणि गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशोबाने काम करत होते त्यामुळे खेळायला गेमच मोजके. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस माइकपाशी गेले, त्यांच्या प्लेस्टेशनची किंमत म्हणून ‘२९९’ एवढंच बोलले आणि खाली उतरले. शंभर डॉलरचा फरक, विषय संपला.

सोनी या धंद्यात आली तीच मुळात निन्टेन्डोने दुखावल्यामुळे. दोघी मिळून सुपर निन्टेन्डोसाठी सीडी ड्राइव्ह बनवत होत्या, १९९१ च्या शिकागोतल्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने सांगितलं की आम्ही फिलिप्सबरोबर जातोय. सोनीचे इंजिनिअर केन कुतारागी यांनी मग तिथेच हट्टाने प्लेस्टेशन हे स्वतंत्र मशीन उभं केलं. सीडी छापायला स्वस्त आणि पटकन, कार्ट्रिज महाग आणि आधीपासून ऑर्डर द्यावी लागणारी, त्यामुळे निन्टेन्डो ६४ ने कार्ट्रिज धरून ठेवल्यावर स्क्वेअरसारखी जुनी साथीदार गेम कंपनी फायनल फँटसी ७ हा गेम घेऊन सोनीकडे गेली. प्लेस्टेशन १० कोटींच्या वर खपलं, सॅटर्न ९० लाखांच्या थोडं वर. सेगाने ड्रीमकास्ट काढून परत प्रयत्न केला, मशीन खरंच उत्तम होतं, पण दुकानदार आणि गेमवाले दोघांचा विश्वास उडालेला, ३१ जानेवारी २००१ ला ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी स्वतःची प्रचंड मालमत्ता कंपनीला दिली म्हणून सेगा निदान गेम बनवणारी कंपनी म्हणून वाचली.

पण जिंकणारासुद्धा गणित विसरतो. पीएस२ च्या यशानंतर सोनीने पीएस३ मध्ये आयबीएम आणि तोशिबाबरोबर बनवलेली सेल चिप घातली, नवाकोरा ब्ल्यू-रे ड्राइव्ह घातला, सुरुवातीच्या मशीनमध्ये जुने गेम चालावेत म्हणून पीएस२ ची चिपसुद्धा घातली. आयसप्लाय या संशोधन कंपनीने मशीन उघडून पार्ट मोजले तर ६०० डॉलरच्या मॉडेलचा खर्च निघाला ८४० डॉलरच्या आसपास. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३ हजार कोटी येनच्या वर तोटा झाला. त्याच थंडीत २५० डॉलरचं वी दुकानात मिळत नव्हतं, इतकी मागणी. वीच्या मागे निन्टेन्डोचे डिझाइनर गुनपेई योकोई यांचा जुना विचार होता, की नवं महाग तंत्र घेण्यापेक्षा जुनं, स्वस्त झालेलं तंत्र नव्या पद्धतीने वापरा. १९८९ चा हातात धरून खेळायचा गेम बॉय असाच होता, हिरवट स्क्रीन, रंग नाहीत, पण चार सेलवर कितीतरी तास चालायचा, आणि सेगाचा रंगीत गेम गिअर सहा सेल चार-पाच तासांत खाऊन टाकायचा.

मायक्रोसॉफ्टची पहिली अडचण आणखी वेगळी. पहिल्या एक्सबॉक्समध्ये चिप इंटेल आणि एनव्हिडियाच्या, विकत घेतलेल्या. सोनी स्वतःच्या चिपा दर दोन-तीन वर्षांनी लहान आणि स्वस्त करत जायची, पीएस२ च्या दोन मुख्य चिपांची तर शेवटी एकच केली. मायक्रोसॉफ्टच्या हातात ते नव्हतं, चिपच्या दरावरून एनव्हिडियाशी भांडण लवादापर्यंत गेलं. एक्सबॉक्स ३६० च्या वेळी हा धडा घेतला, पण मशीन इतकी नादुरुस्त झाली की २००७ मध्ये वॉरंटीपोटी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढावी लागली.

निन्टेन्डोही सुटली नाही. २०११ मध्ये हातात धरून खेळायच्या थ्रीडीएसची किंमत सहा महिन्यांत २५० वरून १७० डॉलर करावी लागली, अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, आणि नंतरचं वी यू दीड कोटीसुद्धा खपलं नाही. तरी कंपनी तरली, कारण मारिओ, झेल्डा, पोकेमॉनचे मुख्य गेम दुसऱ्या कन्सोलवर मिळतच नाहीत, आणि स्वतःच्या गेमवर कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही. २०१७ च्या स्विच या मशीनने तर सगळं भरून काढलं.

या सगळ्यात एक गोष्ट कायम धरलेली होती, की मशीन बनवायचा खर्च वर्षागणिक उतरणार. सुरुवातीचा तोटा त्याच भरवशावर सोसला जायचा. आता ते थांबलंय, नव्या चिपा पूर्वीसारख्या स्वस्त होत नाहीत. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तोच ५४,९९० झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही किंमत ५० डॉलरने वाढली. मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून एक्सबॉक्सपुरते ठेवलेले आपले गेम प्लेस्टेशनवर द्यायला सुरुवात केली, आणि २०२५ मध्ये एक्सबॉक्सची ओळख असलेला हेलोसुद्धा तिकडे येणार असल्याचं जाहीर केलं, म्हणजे तिकडच्या प्रत्येक विक्रीत हिस्सा सोनीचा.