थ्रेड आणि प्रोटोथ्रेड: थांबल्यावर मागे काय उरतं?

‘प्रोटोथ्रेड म्हणजे हलका थ्रेड’ हे वाक्य आता बंद व्हायला हवं. सेन्सर नोडसाठी (मोजमाप करून ते रेडिओवर पाठवणाऱ्या चिमुकल्या संगणकांसाठी) नव्याने कोड लिहिणारे त्यावर विश्वास ठेवतात आणि फसतात.

थ्रेड म्हणजे प्रोग्रामात इतरांसोबत स्वतंत्रपणे पुढे सरकणारं काम: प्रत्येकाचा स्वतःचा स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनचे लोकल व्हेरिएबल ठेवायची जागा, असतो. टीमोट स्कायसारख्या नोडवर मात्र सगळी मिळून १० किलोबाइट रॅम, तिथे कामागणिक स्टॅक परवडत नाही. म्हणून अ‍ॅडम डंकेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रोटोथ्रेड काढले. कॉन्टिकी या छोट्या नोडसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या प्रोसेस त्यांवरच चालतात. अशा १६ बिटी प्रोसेसरवर एका प्रोटोथ्रेडचा खर्च अवघा २ बाइट. त्यात एकच गोष्ट मावते: फंक्शन कुठल्या ओळीवर थांबलं होतं.

सगळी मेख इथे आहे. प्रोटोथ्रेड ‘थांबतो’ तेव्हा फंक्शन चक्क रिटर्न होतं. पुढच्या खेपेला ते नव्याने बोलावलं जातं आणि मॅक्रोत दडलेला स्विच थेट त्या ओळीवर उडी मारतो. मधल्या काळात स्टॅकवरची ती जागा इतरांनी वापरलेली असते, त्यामुळे लोकल व्हेरिएबलमधलं मूल्य टिकत नाही. घातक भाग असा की कधीकधी ते टिकतं. चाचणीत काउंटर बरोबर दिसतो आणि कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली की बिघडतो. टायमरचं तर विचारूच नका: ईटाइमर (कॉन्टिकीचा टायमर) लोकल ठेवला, तर कॉन्टिकीच्या टायमर यादीतला पॉइंटर मेलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो आणि चूक भलत्याच प्रोसेसमध्ये उगवते.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘स्टॅटिक लावा’, म्हणजे व्हेरिएबल स्टॅकऐवजी कायमच्या एकाच जागी ठेवा. एकच प्रत चालणार असेल तर ठीक. पण तोच प्रोटोथ्रेड दोन शेजारी नोडशी बोलण्यासाठी दोनदा चालवला, की दोघे एकाच काउंटरवर लिहू लागतात. मी तरी थांब्यापलीकडे जगायला हवी ती प्रत्येक गोष्ट प्रोटोथ्रेडच्या स्थितीसोबत एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलच्या गटात) ठेवतो आणि इतरांनाही तोच आग्रह करतो. कुठली माहिती टिकते, हे त्यात वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

बाकीचे फरक किरकोळ. प्रोटोथ्रेड एकमेकांना मध्येच तोडत नाहीत, म्हणून सामायिक माहिती एका वेळी एकानेच वापरावी यासाठीचे लॉक त्यांच्यात सहसा लागत नाहीत. इंटरप्टपासून, म्हणजे हार्डवेअरच्या इशाऱ्यावर मध्येच चालणाऱ्या कोडपासून, मात्र जपावंच लागतं. आणि स्वतःच्या स्विचच्या आत थांबू नका, थांबण्याच्या मॅक्रोतला केस तुमच्याच स्विचला चिकटतो.