स्वतःचं नावच नेमकं का अडतं?

"स्वतःचं नाव सांगायला कसली भीती? आत्मविश्वास नाही, दुसरं काय!" अडखळत बोलणाऱ्याला हे लहानपणापासून ऐकावं लागतं. ते साफ चूक आहे. तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही. मेंदू बोलण्याच्या हालचाली ज्या वेळेत जुळवतो, त्यातला तो फरक असतो. बहुतेकदा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो आणि पुष्कळदा घराण्यात असतो. धास्तीने तो वाढतो हे खरं, पण मूळ तिथे नाही.

मग नावच का अडतं? कारण नावाला दुसरा शब्द नसतो. अडखळणारी माणसं दिवसभर शब्द बदलत असतात. 'पाणी' अडलं तर 'प्यायला द्या' म्हणतात. 'प्रकाश'ऐवजी काय म्हणणार? वर्गात ओळीने ओळख चाललेली असते, आपली पाळी तीन बाकांवर येते, ओठ घट्ट मिटतात आणि 'प' बाहेरच पडत नाही. कुणीतरी हसून विचारतं, "नाव विसरलास का रे?" हे फार लागतं.

जिभेला वेखंड लावून किंवा तोंडात गोट्या धरून तोतरेपणा जात नाही. गोटी घशात अडकायची भीती मात्र असते. त्यापेक्षा "मी अडखळतो, जरा थांबा" असं आधीच सांगून टाकावं. पहिलं अक्षर जोर लावून ढकलू नये, ओठ हलके टेकवून सुरुवात करावी. वाचा-उपचारतज्ज्ञ हे नीट शिकवतात. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी 'अली यावर जंग' ही राष्ट्रीय संस्था आहे. आणि ऐकणाऱ्याने नाव मध्येच पुरं करू नये. नजर न वळवता थांबावं.